बेचाळिसावी

‘पिछला सिजर कब का है?’ सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि वर्ष सांगायचं सोडून माझ्या मनात आलं, प्रश्न चौथा. आमच्या फॉर्मवर तो चौथाच आहे. पहिला वय, दुसरा पाळी चुकून किती दिवस झाले, तिसरा न दुखता लाल डाग दिसले का, आणि चौथा मागचं सिझेरियन केव्हाचं. सहा वर्षं मी हा फॉर्म भरते आहे, दुसऱ्या बायांचा. डॉक्टर तरुण होते. तोवर मजेत गप्पा मारत होते, सकाळी तेलीबांध्याच्या सिग्नलवर एक बैल कसा मधोमध बसून राहिला ते सांगत होते, आणि बैल उठायच्या आधीच गप्प झाले. ‘दो हजार छह,’ मी म्हणाले. त्यांनी मशीनचा आवाज बंद केला. चांगल्या मनानेच केला असणार, पण त्याआधी दोन-तीन सेकंद मी तो ऐकला होता. घाईघाईचा, बारीक, कुणीतरी लांबून पळत येत असावं तसा. मला एवढंच म्हणायचं होतं की राहू द्या ना जरा, पण फॉर्म भरून भरून माझी जीभ विचारलं तेवढंच बोलायला शिकली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘आप तो दिवाकर मैडम के यहां ही हैं ना? उन्हीं को दिखा दीजिए, आज ही.’ आज ही म्हणजे काय ते मला माहीत होतं. आमच्याकडे उद्यावर ढकलता येतं त्याला कुणी आज ही म्हणत नाही.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. रायपुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात मी रेकॉर्ड सांभाळते. डॉ. दिवाकर मॅडमना एका विशिष्ट आजाराचा अभ्यास करायचा होता आणि त्यांना अक्षर चांगलं असलेली बाई हवी होती, म्हणून तो अभ्यास माझ्याकडे आला. आजार सांगायला सोपा आहे. पहिल्या बाळाच्या वेळी पोट फाडून गर्भाशयाला छेद दिलेला असतो, तो भरून येतो आणि तिथे व्रण राहतो. पुढचं बाळ सगळं घर रिकामं सोडून नेमकं त्या व्रणात रुजतं. भिंत तिथे पातळ असते. वाढलं की ती फाटते, रक्त थांबत नाही, मग गर्भाशय काढावं लागतं, आणि तेवढ्यालाही उशीर झाला तर बाई जाते. म्हणून ते वाढू द्यायचं नाही. औषध एकच आहे, मेथोट्रेक्सेट. ते द्यायच्या रीती दोन. एक कमरेवर, साध्या इंजेक्शनासारखं, रक्तातून हळूहळू पोचणारं. दुसरी लांब सुईने, सोनोग्राफीत बघत, सरळ गर्भाच्या थैलीत. कोणती रीत बरी, एवढाच मॅडमचा प्रश्न होता. त्यासाठी सहा वर्षांत एकेचाळीस बाया जमल्या. नावं काढून मी त्यांना नंबर दिले आणि शेवटच्या रकान्यात, गर्भ संपला असेल तर एक आणि संपला नसेल तर शून्य असं लिहीत गेले. एक म्हणजे यश. सहा वर्षांत एकदाही हा शब्द मला खटकला नाही, हे मी त्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर बसून स्वतःला नीट सांगितलं.

मॅडमकडे जायला अर्धा तास होता. मी स्कूटर काढली आणि उगीच तेलीबांध्याच्या तलावाकडे गेले. आमचं घर तिथून जवळच आहे, नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. पण मला घरी जायचं नव्हतं. दुपारच्या उन्हात कठड्यावर बसले. मला ते हवं होतं. वाक्य साधं आहे, पण आठ वर्षांत मी ते कुणापुढे बोलले नव्हते. सोनिया झाली तेव्हा दीड दिवस कळा देऊन काही होईना, मग घाईने पूर्ण भूल देऊन सिझर केलं. मी जागी झाले तोवर तिची आंघोळ झाली होती, टोपडं बांधून झालं होतं, आमच्या आईंनी म्हणजे सासूबाईंनी तिला पाहिलं होतं, सासऱ्यांनी, नणदेने, वॉर्डातल्या आयाने, आणि आईंचं ऐकाल तर लिफ्टवाल्या भैयानेसुद्धा. सगळ्यांत शेवटी मी. ‘घे वं, तुह्यीच आहे,’ असं म्हणून आईंनी तिला माझ्याजवळ ठेवलं, आणि खरं सांगते, एक क्षण मला वाटलं, कशावरून. पोरगी माझीच आहे, नाकावरून कुणीही सांगेल. पण ती माझ्यातून बाहेर येताना मी तिथे नव्हते, ही एक फट राहून गेली. दुसऱ्या खेपेला मी जागी असेन, असं मी तेव्हाच ठरवलं होतं. मग दुसरी खेप येईना. कधी माझ्या नवऱ्याची, राकेशची, सिलतऱ्याच्या प्लांटमधली रात्रपाळी, कधी माझं थायरॉईड, कधी काहीच कारण नाही. शेजारणी विचारायच्या तेव्हा मी म्हणायची, एकच पुरे, महागाई किती. इतक्या वेळा म्हटलं की राकेशला ते खरं वाटू लागलं. या श्रावणात पाळी चुकली तेव्हा मी कुणालाच न सांगता फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, ओट्याजवळ उभी राहून, एक एक खायला लागले. तोंडात कसलीच चव नसते त्या गोळीला. तरी सकाळची वाट मी त्या गोळीसाठी बघायची.

दिवाकर मॅडम रिपोर्ट उभ्यानेच वाचतात. वाचला, बसल्या, चष्मा काढला. इतर बायांपुढे त्या चष्मा काढत नाहीत. ‘नीलिमा, तुम्हें समझाना क्या, तुम तो सब जानती हो,’ त्या म्हणाल्या आणि तरी त्यांनी समजावलं, हळू, मी आजच गावाहून आलेली असावी तशी. सहा आठवडे झालेत. ठोके आहेत. भिंत तीन मिलिमीटर. थांबायचं नाही. ‘धड़कन है, इसलिए मैं कहूंगी थैली में. एक बार में काम हो जाता है. पर सुई से खून चलने का डर रहता है, ये भी सच है. कूल्हे वाला आसान है, लेकिन धीरे. शायद दो बार देना पड़े, और हर हफ्ते खून की जांच.’ मग त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढला. नागपूरच्या परिषदेत वाचलेला निबंध, तिसऱ्या पानावर माझा तक्ता. कमरेवर बावीस बाया, यश चौदा. थैलीत एकोणीस, यश सतरा. ‘टेबल तो तुम्हारा ही बनाया हुआ है,’ मॅडम जरा हसून म्हणाल्या. मला धीर यावा म्हणून म्हणाल्या असतील. ‘परसों तक बता दो. और फॉलिक एसिड ले रही हो तो आज से बंद. वो इस दवा का उलटा काम करती है.’ मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, हे मी तिथेच शिकले.

कारण त्या तक्त्यात काय आहे ते मॅडमना माहीत नव्हतं, मला होतं. नंबर सतरा. बीरगांवची बाई, नवरा उरला या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये. कमरेवरचं इंजेक्शन घेतलं, दोन आठवडे रक्ताच्या तपासणीला आली आणि मग यायची बंद झाली. न येणाऱ्या बायांना फोन करणं माझं काम. केला. रक्ताच्या तपासणीतला गर्भाचा आकडा उतरत का नाही हे कळावं म्हणून मी विचारलं, दवाई सोडून आणखी काही खातेस का. ती म्हणाली, ‘मितानिन दीदी लाल गोली देथे, वोही.’ मितानिन ही पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, घरोघर फिरणारी सरकारी आरोग्यसेविका. तिच्या वहीत एकदा गरोदर म्हणून नाव चढलं की ते उतरायला दोनच वाटा, बाळंतपण किंवा गर्भपात. आमच्याकडची बाई या दोन्हींत बसत नव्हती. त्यामुळे इकडे आम्ही इंजेक्शन देत होतो आणि तिकडे मितानिन नेमाने दर महिन्याला लोहाच्या लाल गोळ्या पोचवत होती, ज्यांत फॉलिक ॲसिड असतंच. दोघींनीही आपापलं काम चोख केलं. फोन ठेवला तेव्हा मला हसूसुद्धा आलं होतं, आता सांगायला लाज वाटते. फॉर्मवर या गोष्टीला रकाना नव्हता. मार्च चालू होता, नागपूरला निबंध चार दिवसांत पाठवायचा होता. मी सतराच्या पुढे शून्य लिहिलं. तशा आणखी किती असतील, सहा-सात, ते मी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर तक्ता पुन्हा नव्याने करावा लागला असता. कमरेवरची रीत त्यात दिसते तितकी वाईट नसेलही. आणि आता माझं पोट त्याच तक्त्यावरून ठरणार होतं.

घरी संध्याकाळी आईंना आधी सांगितलं. आमच्या आईंना, मायाबाईंना, लपवाछपवी चालत नाही. बाबा म्हणजे सासरे हरिदास रेल्वेच्या वॅगन कारखान्यात पस्तीस वर्षं होते आणि आईंनी त्या कॉलनीतल्या निम्म्या बाळंतिणींची उठबस केली आहे. ‘जागेवर नाही म्हणजे कुठं आहे मंग?’ त्यांनी विचारलं. ‘सिझरच्या जुन्या टाक्यात.’ ‘टाक्यात कसं राहीन वं पोरगं?’ ‘तेच तर ना, आई. राहू शकत नाही.’ त्या मेथी निवडत होत्या. काडी तोडायची थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. ‘तुले पाहिजे होतं ना?’ एवढंच म्हणाल्या. आठ वर्षं ज्या बाईपुढे मी महागाईच्या गोष्टी केल्या त्या बाईला सगळं ठाऊक होतं. मी हो म्हणाले. ‘मंग रडून घे. राकेश आला का तुह्याकून रडणं होणार नाही, त्यालेच सांभाळत बसशीन.’ आणि तसंच झालं. राकेश सातला आला, कॉलरवर सिलतऱ्याची काळी भुकटी घेऊन, आणि त्याने ऐकल्यावर माझा हात असा धरला की मलाच म्हणावं लागलं, अहो, काही होत नाही, मी आहे ना. सोनिया आतून ओरडली, ‘मम्मी, मेरा प्रोजेक्ट कौन बनाएगा?’ मी म्हणाले, येते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

जेवणं झाल्यावर राकेश म्हणाला, ‘थैलीतलंच करून टाक. तूच तं सांगत राहते, त्याच्यानं काम पक्कं होते मनून.’ ‘मले कमरेवरचं पाहिजे.’ ‘काहून?’ मी म्हणाले, सुईची भीती वाटते. ‘तुले? सुईची?’ तो म्हणाला. राकेश भोळा आहे पण बावळट नाही. थोड्या वेळाने म्हणाला, ‘हे पाय, मले दुसरं काही समजत नाही. मले तू पाहिजे. पोट्टीले तू पाहिजे. बाकी तू मनशीन ते.’ असं कुणी बोललं की माणसाने सुखावून जावं. मी सुखावले नाही. मला वाटलं, या घरात प्रत्येकाला मी हवी आहे, आणि मला जे हवं आहे ते मी कुणाला सांगू. ते माझ्या आत होतं, सहा आठवड्यांचं, चुकीच्या जागी बसलेलं, आणि त्याला मी हवी आहे की नाही हे विचारायची सोय नव्हती. जागा तरी त्याने कोणती निवडली, जिथून सोनिया बाहेर आली तीच. मला हे बरोबर वाटत होतं. वैद्यकात चूक असेल, पण एखाद्या नव्या माणसाला आत येताना मागच्याच दारापाशी थांबावंसं वाटलं तर त्याचं काय चुकलं, असं काहीतरी मी भांडी आवरताना मनाशी बोलत होते. कमरेवरच्या इंजेक्शनात कुणी त्याच्यापर्यंत जात नाही. औषध रक्तात मिसळतं, हळू पोचतं, कधी पोचतं कधी नाही. थैलीत मात्र सुई जाते. फरक एवढाच आहे असं मी स्वतःला सांगितलं, आणि झोपले.

बुधवारी सकाळी उठले, ओट्यापाशी गेले आणि डब्यामागे ठेवलेली पट्टी काढून गोळी खाल्ली. पाणी प्याले. मग मला कळलं की मी गोळी खाल्ली आहे. विसरून नव्हे. पट्टी हातात धरून मी तिथे उभी राहिले आणि आदल्या संध्याकाळपासून मनात जे चाललं होतं ते पहिल्यांदा शब्दांत उतरलं. कमरेवरचं घ्यायचं, आणि गोळी चालू ठेवायची. कुणाला दिसणार नाही. औषध अर्ध्यावर थांबेल. ते राहील. पुढे काय, भिंत तीन मिलिमीटरची आहे, औषधाने अर्धं मारलेलं पोर कसं निघेल, हे सगळं मला माहीत होतं, माझ्याच अक्षरात फाइलीत लिहिलेलं आहे. तरी ते राहील, हेच दोन शब्द डोक्यात फिरत होते. मी मूर्ख नाही. मला असं वाटायचं की मूर्खपणा करणाऱ्यांना तो करताना कळत नसतो. माझ्या बाबतीत तरी तसं नव्हतं, सगळं लख्ख कळत होतं.

दवाखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बीरगांवला गेले. का गेले ते तेव्हा सांगता आलं नसतं. सतराचा पत्ता फाइलीत होता, नाव सुकवारो. पाऱ्यातलं शेवटचं घर, दारात धुतलेल्या भांड्यांची रास, भिंतीवर मिलची काजळी. मला वाटलं होतं ओळखणार नाही, तर तिने आवाजावरून ओळखलं. ‘फोन वाली दीदी,’ ती म्हणाली आणि खाट ओढली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान असेल. मी जांचसाठी आल्याचं खोटंच सांगितलं, कागद काढला, पेन काढलं. तब्येत कशी आहे? ठीक. पुढे काय झालं होतं? तिने सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसं. फोननंतर महिनाभराने एका सकाळी पाणी भरताना रक्त सुरू झालं, थांबेचना. शेजाऱ्याच्या ऑटोतून सरकारी दवाखान्यात नेलं. चार बाटल्या रक्त चढवलं. ‘बच्चादानी निकाल दिन.’ गर्भाशय काढून टाकलं. एक मुलगा आहे, चौथीत. मग मनात होतं ते बोलून टाकलं. म्हणाले, आमची चूक झाली बाई, ती लाल गोळी बंद करायला तुला कुणी सांगायला हवं होतं, मितानिनला कळवायला हवं होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे, मी काहीतरी लहान मुलासारखं बोलले असावे तसं.

‘बताय रिहिस,’ ती म्हणाली. ‘नर्स दीदी बताय रिहिस मोला, लाल गोली झन खाबे.’ खाऊ नको असं नर्सने तिला सांगितलं होतं. ‘मितानिन ल कोनो नइ बताइस. वो देवत रिहिस, मैं खावत रेहेंव.’ मितानिनला कुणी सांगितलंच नाही, ती देत राहिली आणि ही खात राहिली. मी विचारलं, ‘जानते हुए?’ ‘हव,’ ती म्हणाली. ‘जान के.’ आत कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या. इतके महिने मी समजत होते की ती वहीची चूक, रकान्याची चूक, दोन सरकारी-बिनसरकारी कामांची एकमेकांत न बसलेली बाजू. ती होतीच. पण त्या चुकीतून एक बाई डोळे उघडे ठेवून आत शिरली होती. मी पेन बंद केलं. मला तिला विचारायचं नव्हतं तरी विचारलं, पस्तावा होतो का. दारातल्या भांड्यांतलं एक पातेलं उचलून तिने पालथं घातलं. ‘होथे,’ ती म्हणाली. ‘लइका मोर डहर देखथे त होथे.’ पोरगा माझ्याकडे बघतो तेव्हा होतो. आणि मग, मी विचारलं नसताना, ‘फेर दू महीना अउ रिहिस दीदी, मोर संग.’ दोन महिने आणखी होतं ते माझ्याजवळ. हे सांगताना तिचा चेहरा इतका मऊ झाला की मला तिचा हेवा वाटला. गर्भाशय गेलेल्या, चार बाटल्या रक्ताने वाचलेल्या बाईचा हेवा. तो मी तिथे खाटेवर बसून पुरता अनुभवला, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. सुईची वाटली नव्हती तेवढी.

तिथून सरळ मॅडमकडे गेले. ओपीडी संपत आली होती. दार लावलं, बसले नाही. ‘मैडम, मुझे कमर वाला मत दीजिए.’ ‘अच्छा,’ त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, ‘मैं भी यही कह रही थी.’ ‘इसलिए नहीं. कमर वाला देंगी तो मैं गोली खाऊंगी. फॉलिक एसिड. आज भी खाई है.’ त्यांनी मान वर केली. मी पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली, त्यांच्या पेनाशेजारी. मग सतराचंही सांगितलं, मार्चमधला फोन, शून्य, सगळं. सांगायला वाटलं होतं त्याहून कमी वेळ लागला. मॅडम रागावतील, नोकरी जाईल, असं काय काय मनात होतं. त्या पट्टीतल्या रिकाम्या घरांकडे बघत होत्या. ‘और कितनी होंगी ऐसी?’ ‘मैंने पूछा नहीं, मैडम.’ ‘मैंने भी नहीं पूछा,’ त्या म्हणाल्या. ‘छह साल. खून का नंबर पूछती रही.’ बाहेर सिस्टरने दार वाजवलं, कुणी आत आलं नाही. मग मॅडमनी पट्टी खणात टाकली आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ‘बाईस के बाईस को फोन करना है. तुम ठीक हो जाओ, फिर साथ बैठ के करेंगे. कल ग्यारह बजे, खाली पेट आना. दो यूनिट खून तैयार रखवाती हूं. हल्की बेहोशी दे दूं? सोई रहोगी.’ मी म्हणाले, नको. जागी राहीन.

गुरुवारी राकेशने सुट्टी घेतली. बाहेरच्या बाकावर तो आणि आई बसले, आईंनी डब्यात काय आणलं होतं कोण जाणे, दवाखाना म्हटलं की त्या डबा आणतातच. आत पाठवताना त्यांनी माझा पदर नीट केला. ‘घाबरू नको. मी हाय इथंच,’ म्हणाल्या. आत गार होतं. मॅडमनी पोटावर बधिर करायचं टोचलं, ते झोंबलं आणि मग तिथलं माझं मला कळेनासं झालं. आमच्याकडे सोनोग्राफीचा पडदा पेशंटच्या बाजूला कधी वळवत नाहीत. मुलगा-मुलगी सांगणं गुन्हा आहे ही पाटी समोरच लावलेली असते आणि ती सवय हाडात गेली आहे. मी म्हणाले, ‘मुझे देखना है.’ सिस्टर म्हणाली, ‘दीदी, मत देखो, बाद में तकलीफ होती है.’ मॅडमनी हात लांबवून पडदा माझ्याकडे वळवला. राखाडी, आणि त्यात एक काळा ठिपका, आणि त्या काळ्यात कडेला बाजरीच्या दाण्याएवढं काहीतरी, जे लुकलुकत होतं. अजिबात न थांबता, कामात असल्यासारखं. मी त्याला मनात काहीतरी सांगायचं ठरवलं होतं, रात्री शब्दही जुळवले होते. वेळेवर एकही आठवला नाही. मी नुसती बघत होते. मला इतकं भरून आलं की आनंद झाला असंच म्हणावं लागेल, दुसरा शब्द मला सापडत नाही. कुणाच्याही आधी मी बघत होते.

‘सांस रोको,’ मॅडम म्हणाल्या, ‘हिलना मत.’ मी श्वास धरला. पडद्यावर वरून एक पांढरी रेघ आली, थांबली, काळ्यात शिरली. दाण्याजवळ काहीतरी पसरल्यासारखं झालं. ते लुकलुकलं. मग पुन्हा, पण उशिरा. मग मी वाट बघितली. ‘हो गया,’ मॅडम म्हणाल्या. ‘शाबाश. अब सांस लो.’ रेघ गेली होती. मला श्वास घ्यायचा नव्हता. तो धरला तेव्हा ते होतं, आणि मी अजून तोच धरून होते. सिस्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘नीलिमा,’ मॅडम म्हणाल्या, मोठ्याने नाही, ‘सांस लो, बेटा.’ छाती दुखायला लागली, कानांत घों घों व्हायला लागलं, तरी मी आणखी थोडा वेळ, जितका धरवला तितका वेळ, तो आत धरून ठेवला. मग घ्यावाच लागला.